वेळापत्रकाची बोट

नॉर्वेतल्या बर्गनच्या धक्क्यावरून रोज संध्याकाळी साडेआठच्या सुमाराला एक बोट उत्तरेकडे निघते. ऐन थंडीच्या काळोखातसुद्धा. ३४ बंदरं घेत सातव्या दिवशी सकाळी ती रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसला लागते, तीन-साडेतीन तास थांबते आणि आल्या वाटेने परत फिरते. बाराव्या दिवशी दुपारी पुन्हा बर्गन. आपल्याकडे ही सफर ‘नॉर्वे क्रूझ’ या नावाने विकली जाते आणि बऱ्याच जोडप्यांचा हिरमोड तिथेच ठरून जातो. क्रूझ म्हटलं की मनात कॅसिनो, नाचगाणी आणि दहा मजली जहाज येतं. इथे त्यातलं काही नाही. ही बोट मुळात टपालाची. आजही तिच्या पोटात मासळीची खोकी, यंत्रांचे भाग आणि मोटारी असतात, आणि तुमच्या शेजारी बसलेली बाई फक्त पुढच्या बंदरापर्यंत, बहिणीकडे निघालेली असू शकते.

ही सेवा १८९३ साली सुरू झाली. त्याआधी त्रॉन्हाइमहून हॅमरफेस्टला पत्र जायला उन्हाळ्यात तीन आठवडे आणि हिवाळ्यात पाच-पाच महिने लागत. हजारो बेटांचा आणि पाण्याखालच्या खडकांचा हा किनारा, त्यात दीपस्तंभ जवळजवळ नव्हतेच. रात्री बोट चालवायची कोणाची तयारी नव्हती. रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने होकाराचं धाडस केलं, ते होकायंत्राच्या दिशा आणि वेळा यांच्या काटेकोर नोंदींच्या जोरावर. २ जुलै १८९३ रोजी ‘वेस्टेरालेन’ ही आगबोट त्रॉन्हाइमहून हॅमरफेस्टकडे निघाली. आज या मार्गावर हुर्टिगरूटन या कंपनीच्या सात आणि हाविला या कंपनीच्या चार अशा अकरा बोटी आहेत. एका फेरीला अकरा दिवस लागतात, म्हणून रोज एक सोडायची तर अकराच लागतात. हिशेब इतका साधा आहे.

ज्या मराठी घरांत कोकण बोटीच्या आठवणी आहेत त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटायचं, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लं करत पणजी गाठायची. बोट खोल पाण्यात उभी आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून वरखाली. पावसाळ्यात सगळं बंद. पुढे रस्ते झाले, एसटी गावोगाव पोचली आणि आपली बोट गेली. नॉर्वेतही रस्ते, पूल, बोगदे, विमानतळ सगळं झालं. पण ३४ बंदरांना बारमाही सेवा मिळावी म्हणून तिथलं सरकार कंपन्यांशी करार करून पैसे मोजतं, म्हणून बोट टिकली.

हे एवढं सांगायचं कारण व्यावहारिक आहे. बोट तुमच्यासाठी चालत नाही, वेळापत्रकासाठी चालते. केबिन, आधीची शहरं, परतीचं विमान हे सगळं या एका गोष्टीभोवती बसवलं की सहल सुरळीत होते.

तेव्हा आखणी उलटी करावी. आधी बोटीची तारीख पक्की, मग त्याच्या मागे शहरं. ऑस्लोत तीन रात्री, मग रेल्वेने बर्गन, तिथे दोन रात्री, तिसऱ्या संध्याकाळी बोट. बर्गनला त्याच दिवशी पोचून बोट पकडायचा बेत करू नये. डोंगरातली रेल्वे बर्फामुळे किंवा दरड कोसळल्यामुळे कधीमधी अडते आणि तुमचं विमान उशिरा आलं याचं बोटीला सोयरसुतक नसतं.

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन या सामाईक व्हिसाच्या गटात आहे. म्हणजे व्हिसा शेंगेनचा आणि सर्वाधिक मुक्काम नॉर्वेत असल्याने अर्जही नॉर्वेकडेच. शुल्क माणशी ९० युरो, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाआकार. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उन्हाळ्यात जायचं असेल तर ही मुभा पुरेपूर वापरावी. नियम १५ दिवसांचा असला तरी निर्णयाला ४५ दिवसही लागू शकतात. चलन नॉर्वेजियन क्रोन. अनेक फॉरेक्स कार्डांत तो नसतोच; युरो भरून नेलं की प्रत्येक कॉफीमागे रूपांतराचा भुर्दंड. त्यापेक्षा परदेशी व्यवहारावर आकार न लावणारं एखादं कार्ड घरूनच बघून ठेवावं. रोकड जवळजवळ लागत नाही.

बॅग भरताना एक नियम लक्षात ठेवावा. युरोपबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तुपाची बरणी, पेढे, खव्याच्या पोळ्या घरीच. भडंग, चकली, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट यांना हरकत नाही. स्वतःची इलेक्ट्रिक किटली मात्र नेऊ नये; आगीच्या धोक्यामुळे केबिनमध्ये अशी उपकरणं वापरायला जहाजांवर सहसा मनाई असते.

ऑस्लोच्या विमानतळावरून शहरात यायला दोन रेल्वे आहेत. फ्लीतोगे ही जलद गाडी वीसेक मिनिटांत आणते. साधी व्यू गाडी दोन-चार मिनिटं जास्त घेते आणि जवळपास निम्म्या भाड्यात आणते. फलकांवर पहिलीच ठळक दिसते, म्हणून नवखे तीच घेतात.

ऑस्लोत बघण्यासारखं पुष्कळ आहे, पण पुढे आठवडाभर समुद्रावर राहणाऱ्या माणसांनी सगळ्यात आधी बिग्दॉय द्वीपकल्पावरचं ‘फ्राम’ संग्रहालय बघावं. ध्रुवप्रदेशाचा संशोधक नान्सेन याने ही बोट मुद्दाम बर्फात अडकवून घेण्यासाठी बांधून घेतली. तिचा तळ वाटोळा, त्यामुळे बर्फाने दोन्ही बाजूंनी दाबलं की ती चिरडायच्या ऐवजी वर उचलली जाते. अख्खी बोट छपराखाली उभी आहे आणि आत उतरता येतं. कप्तानाची खोली किती अरुंद होती ते पाहिलं की पुढे आपल्या केबिनबद्दल तक्रार उरत नाही. नान्सेन निघाला तोही १८९३ च्या जूनमध्ये, विथच्या आगबोटीच्या आठवडाभर आधी. आणि चित्रकार मुंकचं ‘किंकाळी’ (‘द स्क्रीम’) हे चित्र, नॅशनल म्युझियममधलं रंगवलेलं, तेही १८९३ चं. एका लहानशा, तेव्हा स्वीडनच्या राजाखाली असलेल्या देशाला त्या वर्षी काय झालं होतं कोण जाणे. नॅशनल म्युझियम सोमवारी बंद असतं. मुंकचं स्वतंत्र संग्रहालय ऑपेराहाउसजवळ आहे. तिथे ‘किंकाळी’च्या वेगवेगळ्या आवृत्त्या आळीपाळीने दाखवतात, कारण कागदाला प्रकाश सोसत नाही. जुनं व्हायकिंग जहाजांचं संग्रहालय मोठ्या बांधकामासाठी बंद आहे; जुन्या प्रवासवर्णनांच्या भरवशावर तिथवर चालत जाऊ नये. व्हिगेलांडचं शिल्प-उद्यान फुकट आणि चोवीस तास उघडं. एकाच दगडात कोरलेल्या १२१ माणसांचा खांब तिथे आहे, आणि आजूबाजूची दोनशेहून अधिक शिल्पं म्हणजे नवरा-बायको, बापलेक, म्हातारा-म्हातारी यांचे रुसवेफुगवे. तिथे संध्याकाळी उशिरा जावं, बसगाड्या गेल्यावर. ऑपेराहाउसच्या उतरत्या संगमरवरी छपरावर चालता येतं, पण पाऊस पडून गेल्यावर तो दगड निसरडा होतो. चपटे गुळगुळीत तळवे असलेले बूट असतील तर खालूनच बघावं.

ऑस्लो ते बर्गन रेल्वे साडेसहा-सात तासांची. १९०९ साली पुरी झालेली, ४९६ किलोमीटरची ही वाट आहे, आणि मधलं फिन्से स्टेशन १,२२२ मीटर उंचीवर, जिथे मोटाररस्ता आजही नाही. तिकिटं आधी घेतली तर बरीच स्वस्त पडतात. आता प्रश्न येतो फ्लोमचा. मीरदाल स्टेशनवर उतरून वीस किलोमीटरची तीव्र उताराची गाडी पकडायची, खाली फ्लोमला फ्योर्डची, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाडीतली बोट, मग बस, मग पुन्हा रेल्वे, असा दिवसभराचा फेरा सगळेच सुचवतात. सुंदर आहेच. पण चार वाहनं, प्रत्येक ठिकाणी मोठ्या बॅगा आणि बोटीवर जागेसाठी रेटारेटी. जून ते ऑगस्टमध्ये जात असाल तर पुढची मोठी बोट तुम्हाला गायरांगर फ्योर्डमध्ये नेणारच आहे. तेव्हा सरळ बर्गन गाठावं, फ्लोमचा दिवस बर्गनला द्यावा. हिवाळ्यात मात्र बोट गायरांगरला जात नाही, त्या वेळी फ्लोमचा फेरा जरूर घ्यावा आणि बॅगा आधीच पुढे पाठवायची सेवा विकत घ्यावी.

बर्गनला वर्षभरात मुंबईइतकाच पाऊस पडतो. फरक इतकाच, की मुंबई तो चार महिन्यांत उरकते आणि बर्गन बारा महिने पुरवून वापरतं. छत्री तिथे बिनकामाची, वारा ती उलटी करतो. डोकं झाकणारं जलरोधक जाकीट आणि वरून घालायची तशीच पँट, एवढं असलं की पाऊस विसरता येतो. ब्रिगेन ही धक्क्यावरची लाकडी घरांची ओळ १९७९ पासून जागतिक वारसा आहे. चौदाव्या शतकात हान्सा या व्यापारी संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी इथे पेढी मांडली; उत्तरेकडून वाळवलेला कॉड मासा यायचा आणि इथून धान्य वर जायचं. आजची घरं बहुतेक १७०२ च्या आगीनंतरची. दर्शनी दुकानं सोडून मागच्या बोळांत शिरावं, लाकडी जिने आणि माल ओढून घ्यायच्या कप्प्या तिथे दिसतात. फ्लोयेनच्या डोंगरावर जायला १९१८ पासूनची दोरखंडाची रेल्वे आहे, ३२० मीटर वर सहा-सात मिनिटांत. तिकीट दोन्ही बाजूंचं घेऊ नये, उतरताना जंगलातून चालत यावं, पाऊण तास लागतो. मासळी बाजारात फोटो काढावेत आणि जेवायला दुसरीकडे जावं.

आता केबिन. जोडप्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. जुन्या बोटींवरच्या साध्या केबिनमध्ये दोन सुट्या अरुंद खाटा असतात. दिवसा एकीचा सोफा होतो, दुसरी भिंतीला दुमडते. त्या बोल्टने बसवलेल्या असल्याने जवळ ओढता येत नाहीत. मधुचंद्राला निघालेल्यांनी ‘डबल बेड’ असं स्पष्ट लिहिलेली श्रेणी घ्यावी. दुसरं, ‘मर्यादित दृश्य’ असं लिहिलेली बाहेरची केबिन म्हणजे खिडकीसमोर जीवरक्षक होडी, किंवा फेऱ्या मारायच्या डेकवर ती उघडते आणि लोक आत बघत जातात. तिसरं, आवाज. रात्रीतून दोन-तीन बंदरं होतात. धक्क्याला लागताना पुढच्या बाजूचे आडवे पंखे घरघरतात, मग मालाचा दरवाजा उघडतो आणि फोर्कलिफ्ट आत-बाहेर करू लागते. अगदी पुढच्या टोकाची आणि मालाच्या दाराजवळची खालची केबिन झोपेला वाईट. बोट लागण्याचा त्रास असेल तर मधल्या भागातली, खालच्या पण दारापासून लांबची केबिन घ्यावी, तिथे हेलकावा कमी. सकाळी लवकर उठणारा आणि उशिरा उठणारा असं जोडपं असेल तर एकाने वरच्या काचेच्या सभागृहात जाऊन बसायची तयारी ठेवावी.

हाविलाच्या बोटी २०२१ नंतरच्या, नैसर्गिक वायू आणि मोठ्या बॅटरीवर चालणाऱ्या. फ्योर्डमध्ये इंजिन बंद करून त्या नुसत्या विजेवर सरकतात. हुर्टिगरूटनच्या बोटी बहुतेक जुन्या, त्यांच्यात लाकूड, पितळ आणि नियमित येणाऱ्या म्हाताऱ्यांची ये-जा. नवी बोट की जुनी, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तारीख जमेल ती घ्यावी.

जेवणाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. बर्गन-किर्केनेस प्रवासात तिन्ही वेळचं जेवण साधारणपणे भाड्यात असतं. शाकाहारी असल्याचं आरक्षण करतानाच लिहावं आणि पहिल्या संध्याकाळी जेवणघरात पुन्हा सांगावं, कारण रोजचा बेत आधी ठरतो आणि साहित्य ठरावीक बंदरांतच चढतं. अंडी, दूध, चीज खाणाऱ्यांचं छान निभतं. बकरीच्या दुधाचं गोडसर तपकिरी चीज चाखून बघण्यासारखं आहे. कांदा-लसूण न खाणाऱ्यांचं कठीण आहे. मासे खाणाऱ्यांची मात्र चैन. लोफोटेन बेटांवर फेब्रुवारी ते मे लाकडी मांडवांवर कॉड टांगलेला असतो, मिठाशिवाय. हवा गोठणबिंदूच्या आसपास राहते, त्यामुळे मासा कुजतही नाही आणि गोठून फुटतही नाही. सुक्या बोंबलाच्या वासाला सरावलेल्यांना धक्क्यावर उतरल्याउतरल्या ओळख पटते.

समुद्र बहुतेक वेळ शांत असतो, कारण वाट बेटांच्या आडोशाने जाते. आडोसा सुटतो तो ठरावीक ठिकाणी, आणि ती माहीत असली की अर्धी काळजी मिटते. पहिलं स्टाड, दुसऱ्या दिवशी पहाटे. दुसरं हुस्टाडविका, त्याच रात्री. मग तिसऱ्या संध्याकाळी फोल्ला. चौथ्या दुपारी बूडोहून लोफोटेनकडे जाताना चार तास वेस्टफ्योर्ड. आणि नॉर्थ केपच्या पलीकडचा बॅरेंट्स समुद्र. गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, तासभर आधी घ्यावी लागते. अॅव्होमिनने झोप येते, म्हणून वेस्टफ्योर्डच्या आधी घेतली तर लोफोटेनच्या कड्यांकडे बघायला जागं राहणं अवघड. डॉक्टरांना विचारून झोप कमी आणणारी गोळी सोबत ठेवावी. पोट रिकामं ठेवू नये.

उत्तरेकडे जाणारी वाट की दक्षिणेकडे येणारी? शहरं आवडणाऱ्यांनी उत्तरेकडची घ्यावी. ओलेसुंड, त्रॉन्हाइम, त्रूम्सो ही तिन्ही त्या वाटेवर दिवसाउजेडी आणि काही तासांसाठी मिळतात. ओलेसुंड १९०४ च्या जानेवारीत जळालं आणि काही वर्षांत एकाच, तेव्हाच्या नव्या आर्ट नूवो शैलीत उभं राहिलं. धक्क्यापासून चालत जाऊन ४१८ पायऱ्या चढल्या की सगळं खाली दिसतं. त्रॉन्हाइमला निदारोस कॅथेड्रल अर्ध्या तासाच्या चालीवर. या दोन्ही ठिकाणी बोटीची पैसे घेऊन नेणारी सहल घ्यायची गरज नाही. एकच सहल विकत घ्यावी अशी वाटते, ती हॉनिंग्सवॉगहून नॉर्थ केपची. ३०७ मीटरचा सरळ तुटलेला कडा, ७१ अंश उत्तर. वाटेतलं एकही जुनं घर दिसत नाही, कारण १९४४ च्या शरदात माघार घेणाऱ्या जर्मन फौजेने हा सगळा प्रांत जाळला. हॉनिंग्सवॉगमध्ये फक्त चर्च उरलं होतं. हिवाळ्यात ही सहल बर्फ बाजूला करणाऱ्या यंत्रामागून रांगेने जाते आणि वारा फार असेल तर रद्द होते.

डोंगर बघायचे असतील तर दक्षिणेकडची वाट सरस, आणि ती एका रात्रीने लहानही आहे. लोफोटेनजवळची राफ्टसुंद सामुद्रधुनी ती दुपारच्या उजेडात ओलांडते. वर जाताना तीच जागा रात्री येते. स्टोकमार्कनेसला ती तासभर थांबते, तिथल्या संग्रहालयात १९५६ ची ‘फिनमार्केन’ ही जुनी बोट काचेच्या इमारतीत ठेवली आहे. या वाटेवर आर्क्टिक वर्तुळ ओलांडलं की प्रथा म्हणून चमचाभर कॉड माशाचं तेल पाजतात. शाकाहाऱ्यांनी वेळीच हात जोडावेत. वर जाताना मानेवरून बर्फाचं पाणी ओततात, ते चालेल.

महिना कोणता? मेची सुट्टी आपल्याला सोयीची आणि तो महिना तिथेही उत्तम. डोंगरांवर बर्फ शिल्लक, रात्री उजेड, गर्दी जुलैपेक्षा कमी. १७ मे हा त्यांचा राष्ट्रीय दिन, त्या दिवशी दुकानं बंद आणि रस्त्यावर मिरवणुका. तो दिवस ऑस्लो किंवा बर्गनमध्ये येईल असं बघावं. त्रूम्सोला मध्यरात्रीचा सूर्य साधारण २० मे ते २२ जुलै. ध्रुवीय प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) हवा असेल तर सप्टेंबर ते मार्च; त्यातही मार्चमध्ये दिवसा उजेडही असतो. मे महिन्यात तो दिसणार नाही, कारण अंधारच होत नाही.

बंदरावर उतरताना शिडीजवळ सुटायची वेळ लिहिलेली असते. केबिनचं कार्ड बाहेर जाताना आणि आत येताना दाखवायचं. बोट चुकली तर टॅक्सीने पुढचं बंदर गाठायचं किंवा चोवीस तासांनी येणारी दुसरी बोट पकडायची, दोन्ही आपल्या खर्चाने. म्हणून पासपोर्ट, रोजची औषधं आणि एक उबदार कपडा नेहमी अंगावरच्या पिशवीत.

किर्केनेसला बोट सकाळी नऊच्या सुमारास लागते. ऑस्लोचं विमान दोन तासांचं, विमानतळ गावापासून पंधराएक किलोमीटर, आणि बोटीच्या वेळेला जुळणारी बस असते. हे तिकीट मुंबईच्या तिकिटाला जोडून एकत्रच काढावं. वेगळं काढलं आणि हवामानामुळे पहिलं विमान रद्द झालं तर पुढचं तिकीट बुडतं. एकत्र जमत नसेल तर ऑस्लोच्या विमानतळाजवळ एक रात्र काढावी. ती महाग वाटते, पण बुडालेल्या दोन तिकिटांपेक्षा स्वस्तच.